वीस मिनिटांवरची लेक

लेक मंगळावर गेलेली नाही, हे क्रेनवाल्याला गेले दोन महिने भेटेल त्याला समजावून सांगावं लागत होतं. ती घरापासून बसने सहा तासांवर होती. एका उजाड माळावर कुठल्याशा संस्थेने एक बंद घुमट बांधला होता आणि त्यात सहा माणसांनी वर्षभर मंगळावर असल्यासारखं राहायचं, असा प्रयोग चालला होता. बाहेर पडायचं ते सूट आणि हेल्मेट चढवूनच. अन्न डब्यातलं, नाहीतर आतल्या आत उगवेल ते. पाणी तेच तेच, गाळून गाळून प्यायचं. हे गाळण्याचं काम लेकीकडे होतं. तिचं शिक्षणच त्यातलं.

"म्हणजे सगळं खोटं खोटं," साइटवरचा सिग्नलवाला म्हणाला. हा खाली उभा राहून वॉकीटॉकीवर क्रेनवाल्याला डावं-उजवं सांगायचा. अकरा वर्षांची जोडी.

"खोटं खोटं," क्रेनवाल्याने कबूल केलं. "पण वर्ष खरं."

त्यातला सगळ्यात जाचक नियम निरोपांचा होता. मंगळ एवढा लांब की इथून निघालेला शब्द तिथे पोचायला वीस मिनिटंसुद्धा लागू शकतात. म्हणून घुमटातही निरोप मुद्दाम वीस मिनिटं अडवून धरत. फोन नाही, तोंड दाखवणं नाही, फक्त लिहायचं. घरच्यांसाठी रविवारची सकाळ राखून ठेवलेली. आपण लिहिलं की वीस मिनिटांनी तिच्यापर्यंत जाणार, तिने तातडीने उत्तर दिलं तरी ते यायला आणखी वीस.

पहिले काही रविवार बायकोच सांगायची आणि तो टाइप करायचा. बायको दवाखान्यात नर्स होती, तिचे प्रश्न नाडी तपासल्यासारखे असत. जेवतेस का. झोप लागते का. पाठ दुखते का. चाळीस-पन्नास मिनिटांनी उत्तर यायचं, जेवते, लागते, नाही दुखत. मग बायको उठून कामाला लागायची आणि क्रेनवाला टेबलाशी बसून राहायचा. आपल्याकडून काय लिहावं हे त्याला सुचतच नसे. लेक लहान असताना तो पहाटे घर सोडायचा, परत यायचा तेव्हा ती पेंगुळलेली असायची. मोठी झाली तेव्हा तिच्या गोष्टी आईशी. घरात तिला सगळे खारू म्हणत, खारीसारखी सतत काहीतरी कुरतडत बसायची म्हणून. आणि ते काहीतरी म्हणजे पुस्तकं. मंगळावर वस्ती करणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या. तिच्या खोलीतली एक अख्खी फळी त्यांनी भरलेली. "स्वतःची खोली आवरत नाही आणि निघाली मंगळ आवरायला," असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. बायको हसली होती. खारू हसली नव्हती. हे त्याला आता, पंधरा वर्षांनी, अगदी लख्ख आठवायला लागलं होतं.

एका संध्याकाळी तिच्या खोलीची खिडकी आपटत होती म्हणून तो कडी बसवायला गेला. कडी बसवून झाली तरी बाहेर येईना. फळीपुढे उभा राहून त्याने सगळ्यात झिजलेलं पुस्तक ओढून काढलं. सहाशे पानं. त्याने आयुष्यात सहाशे पानांचं काही वाचलं असेल तर ते यंत्राचं माहितीपुस्तक, आणि तेसुद्धा परीक्षेपुरतं.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक डब्याबरोबर पिशवीतून दोनशे ऐंशी पायऱ्यांची शिडी चढून वर गेलं.

टॉवर क्रेनची केबिन म्हणजे एक खुर्ची आणि चारी बाजूंनी काच. पायाखालीसुद्धा काच, हुक कुठे आहे ते दिसावं म्हणून. एकदा चढलं की जेवणही तिथेच. काम सलग नसतं. ट्रक उशिरा येतो, खाली पट्टे बांधायला वेळ लागतो, कधी काँक्रीटच तयार नसतं. अशा वेळी क्रेनवाला इतकी वर्षं नुसता बाहेर बघत बसायचा. आता वाचायला लागला.

गोष्ट चाळीस माणसांची होती. ती लाल धुळीत उतरतात, खड्डे खणून राहतात, भांडतात, आजारी पडतात. त्यांच्यात एक बाई असते, बागेचं काम बघणारी. पहिलं बटाट्याचं रोप तिच्या हातून लागतं. क्रेनवाल्याला ती बाई बरी वाटली. पण तिसाव्या पानावर त्याचं डोकं फिरलं. "महिन्याभरात मोठा घुमट उभा राहिला," एवढं एकच वाक्य, आणि पुढे गोष्ट चालू.

त्या रविवारी त्याने बायकोचे प्रश्न टाइप केले आणि खाली स्वतःचं लिहिलं. "तुझं ते पहिलं जाडं पुस्तक वाचतोय. तिसाव्या पानावर घुमट उभा राहिलाय. कुणी उचलल्या तुळया? चाळीस माणसांत क्रेन चालवणारा एकही नाही. डॉक्टर आहे, कवी आहे. कवी तुळई उचलणार का?"

पन्नास मिनिटं झाली, साठ झाली. मग स्क्रीनवर आलं ते उत्तर खाली सरकवत वाचावं लागलं.

"बाबा, तुम्ही वाचताय? तुम्ही? मी हे इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा कॅप्टन कवीच्या वाक्याला एवढा हसला की त्याला ठसका लागला. पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी असतं ना. तीन टनांची तुळई तिथे जेमतेम सव्वा टनासारखी वाटेल."

क्रेनवाल्याने खुर्ची पुढे ओढली. "वाटू दे," त्याने लिहिलं. "वजन कमी झालं म्हणून झोका कमी होत नाही. हलायला लागलेली तीन टनांची वस्तू थांबवायची तर ती तीन टनांचीच असते. सव्वा टन समजून जो तिच्यापुढे उभा राहील तो चिरडेल. तुमच्या कॅप्टनला सांग."

कॅप्टनने सांगून पाठवलं की वडिलांचं बरोबर आहे, आणि हे आम्ही लिहून ठेवतोय.

त्या दिवसापासून रविवारची तऱ्हाच बदलली. क्रेनवाला आठवडाभर वाचायचा आणि मनात साठवायचा. बोलताना त्याचं नेहमी असं व्हायचं की समोरचा गप्प बसला की याचं तोंड बंद. आपलं चुकलं की काय, असं वाटून तो पुढचं गिळून टाकायचा. इथे समोरून वीस मिनिटं काही येणारच नव्हतं. कुणी कपाळाला आठी घालणार नव्हतं. त्यामुळे सगळं सांगून होईपर्यंत सांगावं लागायचं, आणि त्याला ते जमायला लागलं. त्याने लिहिलं की वर केबिनमध्ये वारा सुटला की मी खुर्चीत हलतो, पहिल्या वर्षी मला रोज उलटी व्हायची, हे तुझ्या आईला अजून माहीत नाही. तिने लिहिलं की आमच्यातल्या एकाशी माझं तीन आठवडे बोलणं नाही, एवढ्याशा जागेत आम्ही एकमेकांना चुकवत फिरतो, आणि हे आईला सांगू नका. बायको शेजारीच बसलेली असायची. दोन्ही निरोप तिने वाचले आणि मूग गिळून बसली.

"तूही वाच की ते पुस्तक," तो एकदा तिला म्हणाला.

"मला गोष्ट नको," ती म्हणाली. "मला पोर हवी."

दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर त्याला ती जागा सापडली. बागवाल्या बाईला पृथ्वीवरून वडिलांचा निरोप येतो. चार ओळी. निरोपात काय होतं तेही लेखकाने दिलेलं नाही. ती वाचते, खिडकीबाहेर बघते, हातमोजे चढवून बागेत जाते. संपलं. पुढची दोनशे पानं चाळली तरी त्या बापाचं नाव नाही. तो जगला की मेला, उत्तराची वाट बघत बसला का, काही नाही. खालून सिग्नलवाला ओरडत होता, "दादा, हुक खाली घ्या, झोपलात का?" तेव्हा कुठे क्रेनवाल्याने पुस्तक मिटलं.

रविवारी त्याने लिहिलं, "दोन पुस्तकांची मिळून बाराशे पानं, आणि बापाला चार ओळी. तुला त्या आठवतात?"

उत्तर आलं, "नाही हो बाबा. कुठे आहेत?"

त्याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पुस्तक पाठ होईपर्यंत वाचलेली मुलगी ही. पण राग धरून बसण्यासारखं त्यात काय होतं? पुस्तक तिच्याजवळ नव्हतं; घुमटात प्रत्येकाला स्वतःचं म्हणून दोनच किलो सामान नेता आलं होतं. त्याने त्या चार ओळी अक्षर अन् अक्षर तपासून टाइप केल्या आणि पाठवून दिल्या. त्या रविवारी मग काही आलंच नाही. पुढच्या रविवारी पहिलंच वाक्य होतं, "वाचलं. बरेचदा वाचलं. लेखकाला बाप लिहिता येत नसेल." आणि त्याखाली नेहमीसारखं गाळण्यांबद्दल, पालेभाजीच्या रोपांवर पडलेल्या किडीबद्दल.

सातव्या महिन्यात साइटवर क्रेनची तपासणी निघाली. तीन दिवस काम बंद. क्रेनवाल्याने घरी येऊन बूट काढता काढता सांगितलं, "मी जाऊन येतो तिकडे."

"भेटू देतात?" बायकोने विचारलं.

"नाही. तिला कळूही द्यायचं नाही. बाहेरचं माणूस दिसलं तर प्रयोगाला बाधा येते म्हणे. पण लांब कुंपण आहे. तिथून बघू देतात. तू येतेस?"

बायको ओल्या कपड्यांची बादली उचलत होती. ती तिने परत खाली ठेवली. "मी नाही येत. मी आले तर हाक मारीन. आणि मी हाक मारली तर तिचं वर्ष फुकट जाईल."

मंगळवारी सकाळी तो माळावर उतरला. झाड म्हणून नाही. दगड, भुरी माती, आणि दूरवर पांढरा ठिपका, पालथ्या वाटीएवढा. कुंपणाशी एक पहारेकरीण बसलेली होती, पन्नाशीची, डोळ्यांवर टोपी ओढलेली. तिने ओळखपत्र पाहिलं, वहीत नोंद केली.

"बाप का?" तिने विचारलं.

"हो."

"महिन्याला एखादं येतंच कुणीतरी. एकाची आजी आली होती, चाकाच्या खुर्चीतून." तिने घड्याळ पाहिलं. "अकराला दोघं बाहेर येतात, दगडांचे नमुने घ्यायला. कोण ते मला विचारू नका. सूट सगळ्यांचे सारखे, मलाही कळत नाही."

"मला कळेल," क्रेनवाला म्हणाला.

हे तो फुशारकीने बोलला नव्हता. तीस वर्षं तो माणसांना उंचावरून बघत आला होता. वरून सगळे सारखे, पिवळं हेल्मेट आणि दोन खांदे. तरी कोण कोण ते तो नुसत्या चालीवरून सांगायचा. साइटवर त्यावर पैजा लागायच्या आणि तो कधी हरला नव्हता.

अकराला घुमटाच्या पोटातून दोन आकृत्या निघाल्या. एक उंच, एक बुटकी. पहारेकरणीने न मागता आपली दुर्बीण पुढे केली. बुटकीने चार पावलं टाकली आणि क्रेनवाल्याने ओळखलं. तीच. पाय जरा फाकवून टाकायची ती लकब, खांदा एका बाजूला उतरलेला, शाळेत असताना दप्तर एकाच खांद्यावर अडकवायची तसा. ती वाकत होती, दगड उचलून पिशवीत टाकत होती, दुसऱ्याला काहीतरी खुणावत होती. मधेच थांबून ती उगाच उभी राहिली. कंटाळली असेल. की घराची आठवण आली असेल? त्याला वाटलं, इकडे बघ. आणि लगेच वाटलं, नको, बघू नकोस.

उतारावर तिचा पाय घसरला. ती गुडघ्यावर आपटली. क्रेनवाल्याने कुंपणाची जाळी इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. घशाशी आलेलं नाव त्याने दात आवळून आत ठेवलं. उंच आकृतीने तिला हात देऊन उठवलं. ती लंगडत, थांबत, परत चालायला लागली. तास दीड तासाने दोघं आत गेली आणि दार लागलं. मग तो तिथेच एका दगडावर बसला आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत उठला नाही. पहारेकरणीने त्याला आपल्यातला अर्धा कप चहा दिला.

घरी बायको दारातच उभी.

"दिसली?"

"दिसली."

"कशी आहे?"

"बारीक झालीय जरा. पण चाल तीच. जरा घसरली, गुडघ्यावर. पण उठली लगेच."

"लागलं नाही ना?"

"नाही, नाही. चालली की नंतर." आणि त्याने चहा होईपर्यंत, चहा घेता घेता आणि जेवतानाही सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. बायकोने ते पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं. वाकली कशी, थांबली कशी, दगड उजव्या हाताने उचलला की डाव्या.

रविवारी खारूचा निरोप आला. "या आठवड्यात विशेष काही नाही. माझी मंगळवारची फेरी होती, पण माझ्या सूटचा हातमोजा फाटला म्हणून माझ्याऐवजी आमची खडकवाली गेली. मी दिवसभर आत बसून गाळण्या धुतल्या. ती बिचारी उतारावर पडली आणि गुडघा सुजवून आली. मीच पट्टी बांधली. आईने शिकवलेली, आठाच्या आकड्याची."

दोघांनी ते एकदमच वाचलं. क्रेनवाल्याला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तो स्क्रीनवरून नजर काढेना. कुणाची तरी लेक होती ती. दीड तास त्याने एका परक्या पोरीवर जीव ओवाळून टाकला होता, आणि त्याची स्वतःची पोर त्या पांढऱ्या वाटीत भांडी घासावीत तशा गाळण्या घासत बसली होती.

बायकोने तो निरोप पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "तुम्हाला दिसली ना?"

"दिसली," तो म्हणाला.

"मग झालं तर." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर, रोग्याच्या ठेवावा तसा. "लिहा तिला. पट्टी फार घट्ट नको म्हणावं. बोटं गार पडली तर सैल करायची."

त्याने तेवढंच लिहिलं.

वर्ष संपलं. घुमटाचं दार उघडलं तेव्हा दोघंही तिथे होती, बाकीच्या पाच घरांतल्या माणसांच्या गर्दीत. खारू बाहेर आली, उन्हाने डोळे मिचकावत, आणि आधी आईच्या गळ्यात पडली. मग बापाकडे वळली. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. क्रेनवाला म्हणाला, "आलीस."

"आले," ती म्हणाली.

घरी आल्यावरही तसंच. ती टेबलाशी बसलेली, तो समोर, आणि दोघांनाही शब्द सापडेनात. तिने विचारलं, साइट कशी आहे. तो म्हणाला, बरी आहे. एवढं सगळं एकमेकांना सांगून झालेली ही माणसं, पण समोरासमोर आल्यावर जणू नव्याने ओळख व्हायची होती. बायको दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि आत निघून जायची.

पाचव्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. खारूची पुढच्या टप्प्यासाठी निवड झाली होती. या वेळी बर्फातलं केंद्र, पार खाली दक्षिण ध्रुवाकडे, जिथे विमानही वर्षातून दोन महिनेच उतरतं. मुक्काम चौदा महिन्यांचा. तिने पत्र बापापुढे ठेवलं. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार."

त्याने पत्र दोनदा वाचलं. नाही म्हणणं अगदी जिभेवर होतं. एक शब्द, आणि पोर घरात. मग तिच्या खोलीतली ती फळी त्याच्या नजरेपुढे आली, आणि जेवताना हसू न आलेला तिचा चेहरा. "जा," तो म्हणाला. "मी नाही म्हणणार नाही. मला तू हवीस, ते वेगळं."

तिने पत्राची घडी घातली, उलगडली आणि परत घातली.

निघायच्या दिवशी तिघं बस थांब्यावर बसली होती. बसला उशीर होता. क्रेनवाल्याने पिशवीतून एक नवंकोरं पुस्तक काढलं. ती घुमटात असताना त्या गोष्टीचा तिसरा भाग निघाला होता. त्याने तो विकत घेऊन वाचूनही काढला होता, पण तिला द्यायचं धाडस आज होत होतं.

तिने ते हातात घेतलं, वजन पाहिलं आणि ओशाळून परत दिलं. "सामान तोलून बांधलंय बाबा. आता एक रुमालसुद्धा बसणार नाही. तुम्हीच सांगा ना काय होतं ते."

"आता? इथे?"

"बस येईपर्यंत."

त्याने आजूबाजूला पाहिलं. बाकावर तिघांशिवाय कुणी नव्हतं. मग घसा खाकरून तो सांगायला लागला. आधी अडखळत, वस्तीत पाणी कमी पडतं, मग दोन तट पडतात. मग हात हलायला लागले. बागवाली बाई म्हातारी होते, पण हट्ट सोडत नाही. ती एकटीच उत्तरेकडच्या बर्फाकडे निघते. गाडी बिघडते. खारू गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होती, मधेच विचारत होती, "आणि तो कवी?" बायको दुसरीकडे तोंड करून बसली होती, पण कवीचं काय झालं ते सांगताना तो जरा थांबला तेव्हा तीच म्हणाली, "मग?"

बस आली तेव्हा बाई अर्ध्या वाटेवरच होती.

"उरलेलं लिहून पाठवा," खारू पायरीवरून म्हणाली. दार लागलं. काचेआडून तिने हात हलवला, आणि या वेळी क्रेनवाल्यानेही मोकळेपणाने, खांद्यापासून हात हलवला. बस वळणाआड गेली तरी तो हात खाली घ्यायचं विसरला होता.

उरलेली गोष्ट तीन पानांत मावली असती. पण तो दर रविवारी थोडीच लिहायचा. बाई कुठवर पोचली, गाडीचं कुठलं चाक रुतलं, ते तिने कसं काढलं. चाक काढण्याची पुस्तकात एकच ओळ होती. त्याने पुरतं पान लिहिलं, कारण रुतलेली गाडी कशी काढतात ते त्याला ठाऊक होतं. चार महिने झाले तरी बाई बर्फापर्यंत पोचली नव्हती.

"एवढं लांबवताय कशाला?" बायकोने विचारलं.

"ती वाट बघतेय," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य टाइप करायला लागला.